एकाच अहवालाचे दोन अर्थ

प्रश्न : माझे पती ४२ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. तेव्हा पांढऱ्या पेशी १,८०,००० होत्या आणि पानथरी खूप वाढली होती. परळच्या एका रुग्णालयात रोज इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. दुसऱ्या महिन्यात पेशी एकदम खाली गेल्या म्हणून डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली होती. त्यानंतर मात्र रक्त नॉर्मल झाले, पानथरी बसली आणि ते पुन्हा पाळ्यांच्या नोकरीवर जाऊ लागले. डॉक्टर म्हणतात, रिमिशन आहे, म्हणजे आजार आटोक्यात आहे, काळजी करू नका. पण रक्तातला आजाराचा अंश मोजणाऱ्या पीसीआर तपासणीचा आकडा शून्यावर येत नाही. मागचे तीन अहवाल ०.०८, ०.०५ आणि ०.०९ टक्के असे आहेत. परवा कपाट आवरताना मला न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. दर रविवारी आणि सणासुदीला ते गोळी घेत नाहीत. विचारले तर म्हणाले, ‘रक्तात आता सगळ्या चांगल्या पेशी आहेत. त्यांनाच औषध घालून मारत बसायचे का? मागे गोळी बंद केली होती तेव्हा काय झाले?’ मला मात्र आकडा शून्य नाही याचा अर्थ आजार आत बसला आहे एवढाच दिसतो आणि रात्र रात्र झोप लागत नाही. वाईट पेशींच्या संगतीने चांगल्या पेशीही बिघडतील का? आमच्या आठ वर्षांच्या मुलीला हा आजार होईल का? आमच्या दोघांत कोणाचे खरे मानायचे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : चांगल्या पेशी परत आल्या आहेत हे तुमच्या पतींचे म्हणणे खरे आहे, आणि आजाराच्या काही पेशी अजून शरीरात आहेत हे तुमचे म्हणणेही खरे आहे. या आजाराच्या रिमिशनमध्ये बहुतेक रुग्णांच्या शरीरात दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी नांदत असतात. गर्दीच्या ओपीडीत एवढे समजावून सांगायला वेळ मिळत नाही, आणि मग घरी एक जण ‘बरा झालो’ म्हणतो, तर दुसरे माणूस ‘आजार गेलाच नाही’ म्हणून कुढत राहते. म्हणून मी हे जरा विस्ताराने लिहिते. मात्र एक गोष्ट त्याआधीच सांगायला हवी. गोळी आजपासून एकही दिवस न चुकवता सुरू झाली पाहिजे, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची बाब तीच आहे, ०.०९ हा आकडा नव्हे.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते, आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट या सगळ्यांचा उगम तिथल्या मोजक्या मूळपेशींत असतो. सीएमएलमध्ये अशा एका मूळपेशीत ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात आणि त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचे एक नवे जनुक तयार होते. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फिया शहरात रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले होते, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ते तुकड्यांच्या अदलाबदलीतून तयार होते हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या नव्या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीला सतत वाढत राहण्याचा हुकूम देत राहते. अशा पेशीची संतती हळूहळू मज्जेतली बहुतेक जागा व्यापते, पांढऱ्या पेशींचा आकडा लाखाच्या वर जातो आणि पानथरी सुजते. तुमच्या पतींना चार वर्षांपूर्वी हेच झाले होते.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. फिलिप फिआल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सीएमएल झालेल्या काही स्त्रियांचा अभ्यास केला. या स्त्रियांच्या शरीरात एका एन्झाइमचे दोन प्रकार होते, पण कोणतीही एक पेशी आणि तिची संतती त्यांतला एकच प्रकार बनवते. त्वचेच्या पेशींत दोन्ही प्रकार सापडले, पण आजारी रक्तपेशींत मात्र एकच प्रकार मिळाला. याचा अर्थ आजाराच्या साऱ्या पेशी एकाच पेशीची संतती होत्या. एकाच पेशीत बिघाड झाला असेल तर बाकीच्या मूळपेशी निरोगीच राहिल्या असणार, मग त्या गेल्या कुठे, असा प्रश्न साहजिकच येतो. त्या मेलेल्या नव्हत्या. आजाराच्या पेशी भराभर वाढतात आणि मज्जेतले वातावरणही स्वतःला सोयीचे करून घेतात. त्यामुळे निरोगी मूळपेशी दबून, जवळजवळ निष्क्रिय होऊन पडून राहतात. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी १९८३ मध्ये सीएमएलच्या रुग्णांची मज्जा प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवली, तेव्हा आजाराच्या पूर्वजपेशी मागे पडत गेल्या आणि गुणसूत्रे अगदी नॉर्मल असलेल्या पेशी पुढे आल्या. निदानाच्या दिवशी अहवालात सगळ्या पेशी आजारी दिसत होत्या, तेव्हाही तुमच्या पतींच्या मज्जेत निरोगी पेशी शिल्लक होत्या. औषधाने त्या बाहेरून आणल्या नाहीत, त्यांना पुन्हा काम करायला वाव दिला.

म्हणूनच ‘संगतीने बिघडतील का’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. फिलाडेल्फिया गुणसूत्र एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जात नाही. ते फक्त त्या पेशीच्या स्वतःच्या संततीतच उतरते. निरोगी मूळपेशी आजाराच्या पेशींना खेटून वर्षानुवर्षे राहिली तरी ती निरोगीच राहते. धोका असतो तो जागेचा आणि संख्येचा: उपचार थांबले की आजाराची संतती पुन्हा वाढते आणि निरोगी पेशींना पुन्हा दडपते. चांगल्या पेशींचे रूपांतर वाईट पेशींत होणे ही तुमची भीती मनातून काढून टाका. चांगल्या पेशींची जागा वाईट पेशींनी पुन्हा घेणे, एवढ्याच गोष्टीकडे लक्ष ठेवायचे आहे आणि त्यासाठी आपल्याकडे उत्तम तपासणी उपलब्ध आहे.

‘रक्त नॉर्मल झाले’ या शब्दांचा आजचा अर्थ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इमॅटिनिब येण्यापूर्वी या आजारात बुसल्फान आणि हायड्रॉक्सियुरिया ही औषधे दिली जात. त्यांनीही पांढऱ्या पेशी खाली येत, पानथरी लहान होई, माणूस कामाला लागे आणि घरच्यांना वाटे की आजार गेला. पण मज्जा तपासली तर जवळजवळ प्रत्येक पेशीत फिलाडेल्फिया गुणसूत्र तसेच असे. रक्तातला आकडा नॉर्मल होता, पण तो आकडा आजाराच्याच पेशींनी भरलेला होता. काही वर्षांनी आजार उग्र रूप घेई आणि मग फारसे काही हातात राहत नसे. रक्तविकारांच्या विभागात काम करताना ही कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत, आणि म्हणूनच ‘सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे ना, मग झाले’ हे वाक्य ऐकले की मला आजही अस्वस्थ वाटते. १९८० च्या दशकात इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी काही थोड्या रुग्णांत निरोगी पेशी पुन्हा पुढे आल्याचे दिसले आणि दबलेल्या पेशींना परत जागा मिळवून देता येते याची खात्री पटली. पुढे अमेरिकी डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांच्या संशोधनातून आणि चाचण्यांतून इमॅटिनिब पुढे आले आणि अमेरिकेत मे २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हे औषध बीसीआर-एबीएल प्रथिनाचा ऊर्जा घेण्याची खाचच अडवते, त्यामुळे वाढीचा हुकूम थांबतो आणि त्या हुकुमावर जगणाऱ्या पेशी मरतात. आज तुमच्या पतींच्या रक्तात दिसणाऱ्या नॉर्मल आकड्यामागे जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या स्वतःच्या निरोगी पेशी आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या काळातला नॉर्मल आणि आजचा नॉर्मल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसऱ्या महिन्यात पेशी का घसरल्या, याचेही उत्तर यातच आहे. त्या वेळी रक्ताचा बहुतेक सारा भार आजाराच्या पेशींवर होता. औषधाने त्या झपाट्याने मरू लागल्या, आणि वर्षानुवर्षे दबून राहिलेल्या निरोगी मूळपेशींना कामाला लागायला थोडा अवधी लागला. मधल्या काळात रक्त कमी पडले. अनेक रुग्णांत हे पहिल्या काही महिन्यांत घडते, आणि मग डॉक्टर पेशी सावरेपर्यंत औषध थांबवतात. ती विश्रांती मोजून मापून, दर आठवड्याला रक्त पाहून दिलेली असते. तिचा दाखला देऊन आज रविवारची गोळी टाळणे योग्य नाही, कारण त्या विश्रांतीला कारण होते आणि या टाळण्याला काहीही कारण नाही.

‘चांगल्या पेशींनाच मारत बसायचे का’ ही त्यांची शंका मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण तिच्यामागे विचार आहे. इमॅटिनिब फक्त बीसीआर-एबीएललाच अडवते असे नाही. निरोगी पेशींतली काही सारखी दिसणारी प्रथिनेही त्याच्या तडाख्यात येतात. सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज, पोटऱ्यांत येणारे गोळे, मळमळ, थकवा, त्वचेचा रंग थोडा उजळणे हे त्याचेच परिणाम आहेत. पण निरोगी रक्तपेशी जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर अवलंबून नसतात, त्यामुळे एकदा मज्जा सावरली की त्याच गोळीच्या सान्निध्यात त्या आपले काम नीट करतात. चार वर्षांचे त्यांचे स्वतःचे रक्ताचे अहवाल याची साक्ष देतात. ही गोळी मारते ती आजाराच्या पेशींनाच, आणि त्या मरतात म्हणूनच चांगल्या पेशींना जागा मिळते.

आता ०.०९ विषयी. पीसीआर तपासणी पेशी मोजत नाही. ती रक्तातल्या बीसीआर-एबीएल जनुकाच्या संदेशाचे प्रमाण एका नेहमीच्या जनुकाच्या तुलनेत मोजते, आणि मग ते एका आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर बसवले जाते. उपचाराआधीची प्रमाणित पातळी या पट्टीवर १०० टक्के धरली आहे. आकडा १ टक्क्याच्या खाली आला की मज्जेतल्या गुणसूत्रांच्या तपासणीत फिलाडेल्फिया गुणसूत्र साधारणपणे सापडेनासे होते. ०.१ टक्का किंवा त्याखाली म्हणजे आजार हजारपटीने घटला, आणि हा टप्पा जगभरचे डॉक्टर फार महत्त्वाचा मानतात. तुमच्या पतींचे तिन्ही आकडे त्याखाली आहेत. निदानाच्या वेळी अशा रुग्णाच्या शरीरात आजाराच्या साधारण एक लाख कोटी पेशी असू शकतात. हजारपट घट झाल्यावरही सुमारे शंभर कोटी उरतात. ही संख्या ऐकून दचकू नका. निरोगी मज्जा एका दिवसात साधारण वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते, हे शेजारी ठेवले की कोणाची सत्ता कुठे आहे हे लक्षात येईल.

०.०५ वरून ०.०९ झाले म्हणून आजार वाढला असेही समजू नका. इतक्या खालच्या पातळीवर एकाच माणसाचे दोन नमुने दुपटीने वेगळे आले तरी ते तपासणीच्या स्वाभाविक चढउतारात बसते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत केलेल्या तपासण्यांची तुलना तर करूच नये. शक्यतो एकाच ठिकाणी तपासून घ्यावे आणि तीन-चार अहवाल मिळून कल कुठे आहे ते पाहावे. मात्र तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. गोळ्या चुकत असताना आलेला ०.०९ हा निव्वळ तपासणीचा चढउतार आहे की चुकलेल्या गोळ्यांचा परिणाम, हे कागदावरून सांगता येत नाही. म्हणून पुढचा आकडा फार मोलाचा ठरणार आहे, आणि तो येईपर्यंत एकही दिवस चुकता कामा नये.

मग आकडा शून्य का होत नाही? कारण आजाराच्या मूळपेशींपैकी काही पेशी झोपलेल्या अवस्थेत असतात. त्या वाढत नाहीत, आणि जिवंत राहण्यासाठी त्यांना बीसीआर-एबीएलच्या हुकुमाची गरजही नसते. त्यामुळे तो हुकूम थांबवणारी गोळी त्यांना मारू शकत नाही. पण त्यांतली एखादी जागी होऊन वाढू लागली की तिची संतती मात्र गोळीच्या माऱ्यात सापडते. रोजची गोळी हे काम करते. तुमच्या घरापासून जवळच असलेल्या हिंदमाताच्या चौकात पावसाळ्यात पंप चालू असतात म्हणून रस्ता कोरडा दिसतो. रस्ता कोरडा आहे म्हणून पंप बंद केला तर काय होईल हे लालबागमधल्या माणसाला सांगावे लागणार नाही. तुमच्या पतींनी नेमका हाच निष्कर्ष काढला आहे, आणि तो त्यांना कोणाच्या रागातून नव्हे तर समजुतीने सोडायला लावायचा आहे.

चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब किती कठोर असतो हे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. तिथे काही वर्षे इमॅटिनिब घेत असलेल्या ८७ रुग्णांना गोळ्या अशा बाटल्यांत दिल्या की झाकण कधी उघडले याची नोंद आपोआप होत होती. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात सहा वर्षांत ०.१ टक्क्याचा टप्पा गाठण्याची शक्यता ९४ टक्क्यांहून थोडी अधिक होती. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात ती २८ टक्क्यांच्या आसपास होती. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी तीन चुकल्या की नव्वद टक्के होतात. चार रविवार आणि वर गणपतीचे, लग्नाकार्याचे दिवस धरले तर तुमचे पती त्या रेषेच्या बरेच खाली जातात. आजवर त्यांचा आकडा ०.१ च्या खाली टिकला, हे त्यांचे भाग्य आहे. त्यावर भिस्त ठेवू नये.

याहून गंभीर गोष्ट डॉक्टरांपासून हे लपवण्याची आहे. उद्या आकडा खरोखर वाढला आणि गोळ्या चुकल्याचे डॉक्टरांना माहीत नसले, तर पेशींनी औषधाला दाद देणे सोडले असे ते समजतील आणि डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिबसारख्या दुसऱ्या औषधाकडे वळतील. ती औषधे चांगलीच आहेत, पण त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, काहींत फुप्फुसाभोवती पाणी होणे किंवा रक्तवाहिन्यांचे त्रास यांसारखे गंभीरही. एक चालणारे औषध विनाकारण हातचे घालवणे शहाणपणाचे नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाचे पेटंट नाकारले, आणि आपल्या कंपन्यांनी तयार केलेले इमॅटिनिब मूळ औषधाच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळत राहिले. दरमहा लाखाच्या घरात किंमत असलेली गोळी सामान्य घरातल्या माणसाला रोज घेता येते, ही फार कष्टाने मिळालेली सोय आहे.

तुमच्या पतींना गोळी कधी तरी सन्मानाने बंद करायची असेल, तर त्याचीही वाट आहे, आणि ती त्यांना जरूर सांगा. निराश माणसापेक्षा आशा असलेला माणूस नियम जास्त पाळतो. निदान तीन वर्षे, शक्यतो पाच वर्षांहून अधिक काळ औषध घेतल्यावर आणि आकडा ०.०१ टक्के किंवा त्याखाली सलग दोन वर्षे तरी टिकल्यावर, दरमहा पीसीआर करण्याची सोय असेल तर, डॉक्टर औषध थांबवून पाहण्याचा विचार करतात. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, आजार दोन वर्षे अजिबात न सापडलेल्या १०० रुग्णांचे इमॅटिनिब थांबवले होते. त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांचा आजार परतला नाही. पुढे युरोपातल्या सातशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी जवळपास निम्मे रुग्ण औषधाविना ठीक होते. ज्यांचा आजार परतला त्यांचा बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि गोळी पुन्हा सुरू करताच जवळजवळ सर्वांचा आकडा पुन्हा खाली आला. तुमचे पती आज ०.०९ वर आहेत, म्हणजे त्या वाटेच्या अलीकडे आहेत. तिथवर जाण्याचा एकच मार्ग आहे, रोजची गोळी.

या अभ्यासांतली एक गोष्ट मी मुद्दाम तुमच्यासाठी सांगते आहे. औषध थांबवूनही वर्षानुवर्षे ठीक राहिलेल्या काही रुग्णांत पीसीआरने आजाराचा अत्यल्प अंश मधूनमधून सापडत राहिला, आणि तरी आजार उसळला नाही. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था त्या थोड्या पेशींना आवर घालते असे मानले जाते. इतकेच नव्हे, तर १९९० च्या दशकात अतिसंवेदनशील तपासण्या केल्या तेव्हा अनेक निरोगी, कधीच आजारी न पडलेल्या प्रौढांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचा सूक्ष्म अंश मिळाला. त्यांतल्या जवळजवळ कोणालाही हा आजार होत नाही. तेव्हा आजाराची पेशी सापडणे आणि आजारी असणे या दोन गोष्टी एक नाहीत. शून्य हा आकडा दिसल्याशिवाय झोपायचे नाही असे तुम्ही ठरवले असेल, तर तुम्ही स्वतःसाठी अशी अट घातली आहे जी तुमचे डॉक्टरही घालत नाहीत. ज्या मूळ चाचणीत नव्याने निदान झालेल्या रुग्णांना इमॅटिनिब दिले गेले, त्यांतले सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. आणि त्यांतल्या अनेकांच्या शरीरात त्या दहा वर्षांत दोन्ही प्रकारच्या पेशी नांदत होत्या.

मुलीविषयी काळजी करू नका. हा बदल जन्मानंतर रक्ताच्या एका मूळपेशीत घडतो. बीजपेशीत तो नसतो, म्हणून तो मुलांत उतरत नाही. हा आजार लागटही नाही.

आता घरातल्या बोलण्याविषयी. सापडलेल्या गोळ्या पुरावा म्हणून पुन्हा पुढे करू नका, आणि दिरांना किंवा सासूबाईंना मध्ये घालून त्यांना शरमिंदे करू नका. चार वर्षे रोज एक गोळी घेणारा आणि तरीही दर तीन महिन्यांनी रुग्ण म्हणून रांगेत उभा राहणारा माणूस एखादा दिवस तरी निरोगी म्हणून जगावे अशा इच्छेने रविवारची गोळी टाळत असेल. तसे आहे का, हे त्यांना विचारा. किंवा गोळीने मळमळते म्हणून सुट्टीचे जेवण बिघडू नये असे त्यांना वाटत असेल. तसे असेल तर उपाय सोपा आहे. इमॅटिनिब दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे असते. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, म्हणून घड्याळापेक्षा जेवणाशी गोळी बांधून ठेवा आणि एक स्ट्रिप डब्याच्या पिशवीत राहू द्या. गोळी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पायांत गोळे येणे, सूज, मळमळ यांवर डॉक्टरांकडे उपाय असतात, पण त्रास सांगितला तरच. ग्रेपफ्रूट टाळावे. क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन, फिटची काही औषधे, आणि काढे किंवा जडीबुटीची औषधे यांनी इमॅटिनिबचे रक्तातले प्रमाण बदलू शकते. म्हणून यांतले काहीही सुरू करण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारा. तुम्हाला स्वतःला झोप येत नाही, हेही त्याच डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात सांगा. तो विभाग कुटुंबीयांसाठीही असतो.

पुढच्या ओपीडीला दोघे मिळून जा, आणि गोळ्या कधीपासून व साधारण किती चुकल्या हे तुमच्या पतींनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून भिऊ नये. खरी माहिती मिळाल्यावरच त्यांना आकडा वाचता येतो. त्यानंतर तीन महिने सलग गोळी घेऊन, त्याच प्रयोगशाळेत पीसीआर करा. आकडा ०.१ च्या खाली राहिला तर उपचार आहेत तसेच चालू ठेवायचे. तो ०.१ च्या वर गेला, तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी तपासणी पुन्हा करून खात्री करतात. सलग गोळ्या घेऊनही दोन्ही वेळा आकडा वाढलेलाच आला, किंवा १ टक्क्याच्या वर गेला, तर बीसीआर-एबीएल जनुकात औषधाला दाद न देणारा बदल झाला आहे का, याची वेगळी तपासणी करायची असते, आणि दुसरे कोणते औषध द्यायचे हे तिच्या निकालावरून ठरते.